दरिद्री कला

शिल्पकला म्हटली कीं संगमरवर व कांसें हींच साधनें आपल्या डोळ्यांपुढें येतात. इटलींत १९६७ सालीं या समजुतीस मोठा धक्का बसला. जेर्मानो चेलांत या टीकाकारानें जेनोवा येथें एक प्रदर्शन भरविलें व नव्या वळणास ‘आर्ते पोवेरा’, म्हणजे दरिद्री कला, असें नांव दिलें. माती, कोळसा, चिंध्या हें तिचें साहित्य. देशांत कारखानदारी भराभर वाढत होती. मोटारींच्या कारखान्यांचें तूरीन शहर हेंच या कलावंतांचें मुख्य ठाणें, ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे.

त्याच वर्षीं मिकेलांजेलो पिस्तोलेत्तो यानें व्हीनसची मूर्ति जुन्या कपड्यांच्या ढिगाकडे तोंड करून उभी केली. १९६८ सालीं जोव्हानी आन्सेल्मो यानें एका मोठ्या व एका लहान दगडामध्यें सलाडचा ताजा पाला ठेवून ते तारेनें बांधले. पाला सुकला कीं तार सैल होते आणि लहान दगड खालीं पडतो. म्हणून पाला वरचेवर बदलावा लागतो.

हा निव्वळ चमत्कारिकपणा आहे, असें कोणी म्हणेल. परंतु संगमरवरी मूर्ति शेंकडों वर्षें आपली आपण उभी राहते. ही कला मात्र कोणी तरी सांभाळली तरच टिकते. २०२३ च्या जुलैंत नेपल्सच्या चौकांतील चिंध्यांची व्हीनस आगींत जळून गेली. २०२४ सालीं ती तेथेंच पुन्हां उभी राहिली. जी वस्तु आपण टाकाऊ म्हणून फेकतों, तिच्यासाठीं एका शहरानें इतकी आस्था दाखवावी, यांतच या कलेचें सार्थक आहे.