पडणे हे प्राक्तन नव्हे: आधाराच्या दांड्याचा इतिहास

१/ न्हाणीघराच्या भिंतीला बसवलेला पोलादाचा एक साधा दांडा. आज आपण त्याला ‘ग्रॅब बार’ म्हणतो. इतिहासाच्या पुस्तकांत त्याला जागा नाही. परंतु वृद्ध माणूस पडला तर जबाबदार कोण, या प्रश्नाचे उत्तर गेल्या पाऊणशे वर्षांत कसे बदलत गेले, हे या दांड्याच्या कहाणीतून स्पष्ट दिसते. आजचा धागा त्याविषयी.

२/ आपल्याकडे मुलाला ‘म्हातारपणाची काठी’ म्हणतात. वृद्धाने तोल सावरण्यासाठी माणसावर विसंबावे, ही समजूत त्या शब्दांतच आहे. आणि तोल गेलाच, तर ‘वय झाले’ एवढे स्पष्टीकरण पुरते. पाश्चात्त्य वैद्यकातही स्थिती फार निराळी नव्हती. जे अटळ मानले जाते, त्याची चौकशी कोणी करत नाही.

३/ ती चौकशी इंग्लंडमधील वुल्व्हरहॅम्प्टन या कारखान्यांच्या शहरात डॉ. जोसेफ शेल्डन यांनी केली. दुसरे महायुद्ध संपत असताना, नफिल्ड फाउंडेशनच्या साहाय्याने, त्यांनी शहरातील वृद्धांची पाहणी हाती घेतली. रुग्णालयात दाखल झालेल्यांची नव्हे, तर आपापल्या घरी राहणाऱ्यांची. १९४८ साली ‘द सोशल मेडिसिन ऑफ ओल्ड एज’ हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले.

४/ १९६० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी २०२ व्यक्तींच्या ५०० पडण्यांचा अभ्यास मांडला. त्यांपैकी १७१ प्रसंग निव्वळ अपघाताचे होते. १२५ प्रसंगी मात्र माणूस घसरला नव्हता, अडखळला नव्हता, त्याची शुद्धही हरपली नव्हती. पाय एकाएकी निकामी झाले होते. उरलेल्यांत भोवळ, उठताना रक्तदाब उतरणे, मज्जासंस्थेचे विकार अशी नाना कारणे निघाली.

५/ या वर्गवारीचे महत्त्व आकड्यांपुरते नाही. पडण्याला कारणे असतात हे एकदा मान्य केले, की त्यांतील काही कारणे दूर करता येतात हेही मान्य करावे लागते. अंधारा जिना उजळता येतो, कठडा लावता येतो. ‘वय झाले’ हे उत्तर येथून अपुरे ठरू लागले.

६/ त्याच सुमारास अमेरिकेत दुसरा प्रवाह वाहत होता. महायुद्धात अपंग झालेले सैनिक शिक्षणासाठी विद्यापीठांत येऊ पाहत होते. पण पायऱ्या, अरुंद दारे आणि शौचालये त्यांना अडवत होती. इलिनॉय विद्यापीठात टिमथी न्यूजेंट यांनी १९४८ साली अशा विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम सुरू केला. विद्यार्थ्याला नव्हे, इमारतीला बदलावे लागेल, हे त्यातून उमगत गेले.

७/ न्यूजेंट यांच्या संशोधनातून १९६१ साली ‘ए११७.१’ हे अमेरिकी मानक साकारले. अवघ्या काही पानांचा दस्तऐवज. त्यात कोणाकोणाचा विचार केला होता? चाकाच्या खुर्चीवर असणारे, कष्टाने चालणारे, दृष्टिहीन, कर्णबधिर, हालचालींवर ताबा नसलेले, आणि सहावा गट वार्धक्याने हालचाल मंदावलेल्यांचा. सैनिकांसाठी उघडलेल्या दारातून आजी-आजोबाही आत आले.

८/ त्या मानकात शौचालयातील दांड्याचे वर्णन असे: दोन्ही बाजूंना, जमिनीपासून ३३ इंच उंचीवर, जमिनीला समांतर, जाडी दीड इंच, दांडा आणि भिंत यांत अंतर दीड इंच, दोन्ही टोकांना आणि मध्यभागी पक्का बसवलेला.

९/ हे दीड इंच नीट समजून घ्यावे. अंतर कमी असेल, तर बोटे दांड्याभोवती पूर्ण वळत नाहीत. अंतर फार असेल, तर घसरताना हात आरपार जाऊन कोपरापाशी अडकू शकतो आणि आधारच हाड मोडण्याचे निमित्त होतो. मानवी मुठीचे माप असे बांधकामाच्या नियमात उतरले.

१०/ १९६६ साली कॉर्नेल विद्यापीठातील स्थापत्यविशारद अलेक्झांडर किरा यांचा ‘द बाथरूम’ हा ग्रंथ आला. माणूस टबात कसा उतरतो, कसा बसतो, कशाला धरून उठतो, याचे त्यांनी शास्त्रीय निरीक्षण केले होते. सभ्य समाजाने ज्या खोलीविषयी बोलणे टाळले, त्या खोलीच्या रचनेत माणसाच्या देहाचा विचार झालेलाच नव्हता, हे त्यांनी दाखवून दिले.

११/ तरीही १९६१चे मानक ऐच्छिक होते. पाळले नाही तरी शिक्षा नव्हती. १९६८च्या कायद्याने अमेरिकेत केंद्र सरकारच्या पैशातून उभ्या राहणाऱ्या इमारतींवर सुगम्यतेचे बंधन आले. १९९०च्या ‘अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज अ‍ॅक्ट’ने ते खासगी दुकाने, हॉटेले, दवाखान्यांपर्यंत नेले. खासगी घराचा उंबरठा मात्र या कायद्यांनी ओलांडला नाही.

१२/ तो ओलांडला ब्रिटनने. अल्फ मॉरिस या खासदाराने मांडलेले विधेयक १९७० साली संमत झाले. गरजू अपंग व्यक्तीच्या घरात तिच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक ते फेरबदल करण्यास साहाय्य करणे, हे त्या कायद्याने स्थानिक प्रशासनाचे कर्तव्य ठरवले. न्हाणीघरातील दांडा कुटुंबाच्या ऐपतीचा प्रश्न न राहता नागरिकाच्या हक्काचा विषय झाला.

१३/ पण दांड्याने काही साधते का? अमेरिकेत डॉ. मेरी टिनेटी आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली दाखवले, की घरी राहणाऱ्या ७५ वर्षांपुढील ३३६ जणांपैकी ३२ टक्के वर्षभरात एकदा तरी पडले. १९९४ साली त्यांनी औषधांचा फेरविचार, व्यायाम, उठबस शिकवणे आणि गरजेनुसार घरातील बदल असे उपाय एकत्र योजले. वर्षभरात पडणाऱ्यांचे प्रमाण ४७ टक्क्यांऐवजी ३५ टक्के राहिले. दांडा एकटा पुरेसा नाही; तो एका साखळीतील कडी आहे.

१४/ भारतात १९९५च्या अपंगविषयक कायद्यात सार्वजनिक इमारतींतील शौचालये चाकाच्या खुर्चीसाठी अनुकूल करण्याचा उल्लेख आला. २०१६च्या कायद्याने सुगम्यतेची व्याप्ती वाढवली. परंतु आपले बहुतेक वृद्ध जेथे दिवस काढतात, त्या घरातील ओल्या फरशीपर्यंत अजून कोणताही कायदा पोहोचलेला नाही. तेथे जबाबदारी आपलीच उरते.

१५/ ती घेताना एवढे लक्षात असावे: टॉवेलची दांडी म्हणजे आधाराचा दांडा नव्हे. अमेरिकी मानकानुसार त्याने २५० पौंड, म्हणजे सुमारे ११३ किलो भार पेलला पाहिजे. तोल जाणारा माणूस दांड्याला नुसता स्पर्श करत नाही, सारा देह त्यावर सोपवतो. शेल्डन यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक घराच्या भिंतीवर त्या बळकटीने लिहिले जावे, एवढेच या इतिहासाचे मागणे आहे.