बियांका की फ्लोरा? : एका जपानी खेळातलं लग्न आणि तीस वर्षांचा वाद



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस व्हिडिओ गेमवर काय बोलणार, असा प्रश्न विषय वाचून काहींना पडला असेल. तर त्याचं उत्तर आधी देतो. दोन चांगल्या गोष्टींमधली एकच घेता येत असेल तर ती कशाच्या आधारावर घ्यायची, आणि घेतल्यावर तिची जबाबदारी आपल्यावर का येते, हा नीतिशास्त्रातला फार जुना प्रश्न आहे. हाच प्रश्न १९९२ साली जपानमधल्या लाखो मुलांपुढे एका खेळानं टाकला. ती मुलं आज चाळिशी-पन्नाशीत आहेत आणि अजून त्यावर वाद घालतायत. प्रश्न तीन शब्दांचा आहे : बियांका की फ्लोरा?

आधी थोडी पार्श्वभूमी. खेळमालिकेचं नाव ‘ड्रॅगन क्वेस्ट’. पहिला भाग २७ मे १९८६ रोजी एनिक्स कंपनीनं निन्तेन्दोच्या फॅमिकॉम या यंत्रासाठी बाजारात आणला. कथा आणि रचना युजी होरी यांची, चित्रं ‘ड्रॅगन बॉल’वाल्या अकिरा तोरियामांची, संगीत कोइची सुगियामा यांचं. ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ हे अमेरिकन संगणकी खेळ होरींनी पाहिलेले होते. एक भूमिका घ्यायची, भटकायचं, लढायचं, अनुभवानं बळ वाढवायचं, अशी त्यांची पद्धत. पण ते खेळ किचकट होते. होरींनी ते शाळकरी मुलाला झेपतील असे केले. एरवी ते ‘शोनेन जंप’ या मुलांच्या लोकप्रिय साप्ताहिकात लिहीत, त्यामुळे मुलांना काय कळतं, कुठे कंटाळा येतो, हे त्यांना ठाऊक होतं.

हे फॅमिकॉम यंत्र आपल्याला अगदीच परकं नाही बरं का. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घराघरात टीव्हीला जोडून मुलं मारिओ आणि कॉन्ट्रा खेळायची, ती यंत्रं बहुतेक फॅमिकॉमच्याच नकला होत्या. त्यात घालायच्या डबीला आपली मुलं ‘कॅसेट’ म्हणायची. गंमत म्हणजे जपानी मुलंही तिला कॅसेटच म्हणत. पण ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आपल्याकडे रुजला नाही. कारण उघड आहे. मारिओला भाषा लागत नाही. हा खेळ मात्र वाचावा लागतो. गावात शिरायचं, प्रत्येकाशी बोलायचं, कोण काय म्हणालं ते लक्षात ठेवायचं.

आता यात चाहत्यांची चर्चा कुठून आली? ती सुरुवातीला एका तांत्रिक अडचणीतून आली. पहिल्या कॅसेटमध्ये सगळी मिळून ६४ किलोबाइट जागा होती आणि खेळ अर्ध्यावर सोडून उद्या तिथूनच सुरू करायची सोय नव्हती. म्हणून खेळातला राजा खेळाडूला एक अक्षरमाला सांगे. तिचं नाव ‘पुनरुज्जीवनाचा मंत्र’. पहिल्या भागात २० अक्षरं, जानेवारी १९८७ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात तर ५२ पर्यंत. ती वहीत उतरवायची आणि दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी भरायची. आपल्याकडे मंत्रातला एक स्वर चुकला तर फळ मिळत नाही म्हणतात, इथे ते शब्दशः खरं होतं. टीव्हीवरची धूसर अक्षरं, सारखी दिसणारी वळणं. एक अक्षर चुकीचं उतरवलं की कित्येक तासांची मेहनत पाण्यात.

यातून मुलं एकमेकांशी बोलायला लागली. वह्यांतले मंत्र मित्रांना दिले जात. काही मंत्र असे सापडले की भरताच नायक सुरुवातीपासून बलवान. दुसऱ्या भागातल्या अशा एका प्रसिद्ध मंत्रात तर होरी आणि तोरियामा यांचीच नावं गुंफलेली निघाली. खेळ एकट्यानं खेळायचा होता, पण तो पुढे नेण्यासाठी चारचौघांत बोलावं लागे.

तिसऱ्या भागात बॅटरी आली आणि मंत्राची कटकट संपली. हा भाग बुधवारी, १० फेब्रुवारी १९८८ रोजी आला. दुकानांपुढे लांबलचक रांगा लागल्या, त्यात शाळा बुडवून आलेली मुलं होती, आणि पोलिसांनी त्यांना पकडल्याच्या बातम्या छापून आल्या. जपानी संसदेनं म्हणे कायदाच केला की हा खेळ सुट्टीच्या दिवशीच विकायचा! ही निव्वळ दंतकथा आहे, असा कायदा कधी झाला नाही. मात्र पुढचे दोन्ही भाग रविवारी आले, हे खरं.

त्यातला दुसरा रविवार २७ सप्टेंबर १९९२ चा. सुपर फॅमिकॉमवर पाचवा भाग आला. शीर्षकातच ‘स्वर्गीय वधू’ असे शब्द. आपल्या प्रश्नाचा जन्म इथला.

कथा थोडक्यात सांगतो. सहा वर्षांचा एक मुलगा वडिलांबरोबर गावोगाव फिरतोय. वडील पापास पौराणिक वीराच्या शोधात आहेत. मुलाला बियांका नावाची थोडी मोठी मैत्रीण भेटते. टारगट पोरं एका पिल्लाला छळत असतात. त्याला सोडवण्यासाठी ही दोघं रात्री एका भुताटकीच्या किल्ल्यात जाऊन येतात. पुढे पापास मुलाच्या डोळ्यांदेखत मारले जातात आणि मुलगा दहा वर्षं गुलामीत दगड वाहतो. सुटून येतो, तेव्हा वडिलांनी ठेवलेली पवित्र तलवार त्याला सापडते. आता आपणच तो वीर, असं खेळणाऱ्याला वाटतं. पण तलवार त्याला पेलत नाही.

इथे होरींनी मोठी गोष्ट केली. ज्याची भूमिका तुम्ही घेतलीय तो वीर नाहीच. वीर पुढे त्याच्या पोटी जन्माला येणार आहे. म्हणजे लग्न करायला हवं.

वीराची ढाल सालाबोना गावच्या श्रीमंत लुडमनकडे आहे आणि जो त्याच्या मुलीशी, फ्लोराशी, लग्न करेल त्याला ती मिळणार आहे. अट काय, तर अग्नीची आणि पाण्याची अशी दोन वलयं, म्हणजे अंगठ्या, आणून दाखवायच्या. आपल्याकडे ज्याला पण लावलेलं स्वयंवर म्हणतात, तेच हे. पहिली अंगठी ज्वालामुखीतून मिळते. दुसरीच्या वाटेवर डोंगरातलं एक खेडं लागतं आणि तिथे बियांका भेटते. आई गेलेली, वडील आजारी, ती त्यांना सांभाळतेय. ती सोबत येते, मदत करते. परतल्यावर फ्लोराच्याच लक्षात येतं की या मुलीचाही जीव याच्यावर आहे. नीट विचार न करता लग्न केलंत तर पुढे पस्तावाल, असं फ्लोराच म्हणते. मग लुडमन सांगतो : रात्रभर विचार कर, सकाळी एकीचं नाव घे.

त्या रात्री तुम्ही गावात हिंडू शकता. बियांका जागी असते. तिला झोप येत नाही. आणि ती माझी काळजी करू नकोस, असंच सुचवते.

सकाळी बटण दाबावं लागतं. तिसरा पर्याय नाही.

आता वाद काय आहे ते पाहू, कारण खरी संपत्ती तिथे आहे. बियांकाच्या बाजूचे म्हणतात : लहानपणीची साथ, तिचं एकटेपण, त्या रात्रीचं बोलणं, हे सगळं विसरून दुसरीला वरायचं म्हणजे दगड काळजाचं व्हावं लागेल. फ्लोराच्या बाजूचे म्हणतात : फ्लोराचा काय दोष? मनाचा मोठेपणा तर तिनंच दाखवला. शिवाय तिची मंत्रविद्या लढाईत जबरदस्त, आणि सासरेबुवांकडून पैसा नि भेटवस्तू येतात त्या वेगळ्याच. यावर पहिला पक्ष लगेच चिडतो : हुंड्यासाठी लग्न केलंस म्हण की!

काहीजण हिशेब मांडतात. फ्लोराला नकार दिला तर तिच्यावर जीव लावून ज्वालामुखीत होरपळलेला अँडी तिच्याशी लग्न करतो. बियांकाला नकार दिला तर ती डोंगरातल्या खेड्यात एकटीच राहते. म्हणजे एकूण सुखाची बेरीज केली तर बियांका. हा झाला उपयुक्ततावाद, बेंथमचं नाव न घेता. त्याला प्रत्युत्तर असं की दयेपोटी केलेलं लग्न हा बियांकाचा अपमान आहे. प्रेम असेल तरच कर. हा कांटच्या जवळचा मुद्दा. दहा-बारा वर्षांची मुलं शाळेच्या वाटेवर या भूमिका मांडत होती.

याला सामाजिक संदर्भही आहे. जपानमध्ये ठरवून केलेल्या लग्नांपेक्षा प्रेमविवाह जास्त होऊ लागले ते १९६० च्या दशकाच्या अखेरीस. म्हणजे ही मुलं ज्या घरांत वाढली, तिथे आजी-आजोबांचं लग्न बहुधा स्थळ पाहून झालेलं आणि आई-वडिलांचं कदाचित प्रेमातून. फ्लोरा हे अटी-शर्तींसह आलेलं स्थळ आहे, बियांका ही बालमैत्रीण. होरींनी दोन पद्धती समोरासमोर उभ्या केल्या आणि दोन्हीकडे चांगली माणसं ठेवली. एकीला खलनायिका केलं असतं तर वाद एका आठवड्यात संपला असता.

आणि गंमत पुढेच आहे. निवडीनं कथेचा शेवट बदलत नाही. ढाल लुडमन दोन्ही वेळा देतो. लग्नही तोच थाटात लावून देतो. जुळी मुलं दोन्ही वेळा होतात, मुलगा वीर निघतो, मुलांच्या केसांचा रंग तेवढा आईवर जातो. नायक आठ वर्षं दगडाचा पुतळा होऊन पडतो, मुलं मोठी होऊन त्याला सोडवतात, शेवटी महासुराचा पाडाव होतो. मग इतका जीव का जाळायचा?

माझं म्हणणं असं की, शेवट बदलत नाही म्हणूनच हा वाद टिकला. फायद्यासाठी केलेली निवड आपण फायदा दाखवून समजावू शकतो. इथे दाखवायला फारसं काही नाही. का निवडलंस, याचं उत्तर देताना माणसाला स्वतःबद्दलच बोलावं लागतं. डॅनिश तत्त्वज्ञ कीर्केगार्द यांच्या १८४३ च्या ‘एकतर–किंवा’ या ग्रंथात एक न्यायाधीश आपल्या तरुण मित्राला नेमकं विवाहाविषयीच पत्र लिहितो. त्याचा मुद्दा असा, की मनापासून निवडताना माणूस स्वतः घडतो. न निवडता सगळ्या शक्यता चाखत राहणाऱ्याला ‘स्व’च उरत नाही. खेळात तर शक्यता चाखणं किती सोपं! दुसऱ्यांदा खेळा, दुसरीला वरा. तरीही कित्येकजण सांगतात की दरवेळी यावेळी फ्लोरा असं ठरवून बसतो, आणि ऐन वेळी बोट बियांकावरच जातं.

मराठी वाचकाला हे कळायला जड जाऊ नये. १९६७ साली आपल्याकडे ‘मृत्युंजय’ आली आणि ‘युगान्त’ही आलं. कर्णावर अन्याय झाला की नाही, यावर तेव्हापासून घराघरांत तावातावानं बोललं गेलं. पण एक फरक आहे. कर्णाला अपमानित करण्यात वाचकाचा हात नव्हता. बियांकाला डोंगरातल्या खेड्यात एकटं ठेवणारं बोट खेळाडूचं स्वतःचं असतं. ‘त्यानं तिला सोडलं’ असं कुणी म्हणत नाही. ‘मी सोडलं’ असं म्हणतात. ड्रॅगन क्वेस्टचा नायक स्वतः बोलत नाही आणि त्याचं नावही खेळाडूच ठेवतो, त्याचा हा परिणाम.

पुढे २००४ मध्ये खेळाची नवी आवृत्ती आली. २००८ च्या आवृत्तीत फ्लोराची तोरेबाज बहीण देबोरा तिसरा पर्याय म्हणून आली आणि वादाला नवी फोडणी मिळाली. अमेरिकेत अधिकृत इंग्रजी रूप २००९ मध्ये पोहोचलं, तिथे फ्लोराचं नाव नेरा झालं. मग वाद दोन भाषांत, दोन नावांनी सुरू राहिला.

२ ऑगस्ट २०१९ ला याच कथेवर ‘ड्रॅगन क्वेस्ट : युअर स्टोरी’ हा अ‍ॅनिमेशनपट आला. प्रमुख दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी. शेवटाकडे सगळं थांबतं आणि उघड होतं की हे जग म्हणजे आभासी यंत्रातला खेळ आहे, नायक हा एक प्रौढ खेळाडू आहे. प्रत्येक वेळी बियांकालाच निवडतो म्हणून यंदा त्यानं स्वतःच्या मनावर फ्लोराची सूचना बिंबवून घेतली होती! आणि खलपुरुषाच्या रूपात शिरलेला विषाणू त्याला बजावतो की हे सारं खोटं आहे, आता मोठा हो. नायक ते नाकारतो, इथलं जगणं मला खरंच होतं म्हणतो, आणि जिंकतो. म्हणजे चित्रपट चाहत्यांच्या बाजूचाच होता. तरी असंख्य चाहते संतापले.

का? माझ्या मते त्यांना उत्तर आवडलं नाही असं नाही, प्रश्नच अपमानकारक वाटला. ‘हे खोटं आहे’ हे त्यांना सहाव्या-सातव्या वर्षीही माहीत होतं. पडद्यावरची बियांका म्हणजे रंगीत ठिपके आहेत हे कुणाला सांगावं लागत नाही. त्या रात्री गावात हिंडताना त्यांच्या मनात जी घालमेल झाली, ती मात्र ठिपक्यांची नव्हती. पात्र काल्पनिक असलं तरी निवडणारा खराच असतो. तो खरा असल्यामुळे त्याला आपल्या निवडीचं समर्थन करावंसं वाटतं, आणि समोर तितकाच खरा माणूस वेगळी निवड करून बसलेला असतो, म्हणून वाद रंगतो.

‘मोठा हो’ म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारेन की मोठं होण्याची तुमची व्याख्या काय? दोन भल्या माणसांपैकी एकाला दुखावल्याशिवाय पुढे जाता येत नाही, हे कळणं; आणि ते आपण केलं, परिस्थितीनं नाही, असं म्हणता येणं, हे जर मोठेपण असेल, तर त्याचा पहिला धडा अनेक जपानी मुलांनी १९९२ च्या त्या शरद ऋतूत, टीव्हीसमोर बसून गिरवला. तुमच्या घरात व्हिडिओ गेम खेळणारं कुणी असेल, तर किती वेळ खेळतोस, हा प्रश्न एक दिवस बाजूला ठेवा. खेळताना काय निवडावं लागलं आणि का निवडलंस, हे विचारून बघा. उत्तर लांबलं तर थांबून ऐका.