पालखीत टाकलेलं पोर

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत तुम्ही उभे आहात. मराठी, कन्नड आणि तेलुगू एकाच दुकानाच्या पायरीवर ऐकू येतायत. अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला जायचं असेल तर तासाभराचा रस्ता. पण आज एसटी धरू नका. मागे चला.

आधी डांबर जातं, मग विजेचे खांब. १८७७ सालच्या कापडगिरणीचा भोंगा बंद होतो. पेठच विरत जाते. शेवटी ओळखीचं उरतं ते सिद्धेश्वराचं तळं आणि भुईकोट किल्ल्याचा तट. साल १७०७. औरंगजेब नुकताच गेलाय. त्याच्या छावणीतून सुटलेले शाहूराजे दक्षिणेकडे निघालेत आणि तुम्हाला त्यांना वाटेतच गाठायचंय, मराठवाड्यातल्या पारद गावी. कोणी हटकलं तर हुजऱ्या आहे म्हणून सांगा. हुजऱ्याकडे कोणी दुसऱ्यांदा बघत नाही.

पारदला पोचता तेव्हा लढाई संपलेली आहे. गावचा पाटील सयाजी लोखंडे राजांना आडवा गेला आणि मारला गेला. धुळीत अजून दारूचा वास आहे. तेवढ्यात माणसांतून वाट काढत एक बाई येते. कडेवर पोर. कपाळ मोकळं, पदर खांद्यावरून घसरलेला, तो सावरायचंही भान नाही. पहारेकरी पुढे होतात, पण ती थेट पालखीपाशी पोचते आणि पोर राजांच्या पुढ्यात टाकते. पोर रडत नाही, पालखीच्या गोंड्याला हात घालतं.

राजे काय करतील? तुम्हाला ठाऊक आहे, तरी त्यांचा चेहरा बघा. १६८९ साली याच माणसाच्या बापाला, संभाजीराजांना, औरंगजेबाने हाल करून मारलं. त्याच साली रायगड पडला आणि सात वर्षांचे शाहू आईसोबत त्याच छावणीत गेले. अठरा वर्षं ते बापाच्या मारेकऱ्याच्या अन्नावर वाढले. आज बाप मारणारे ते स्वतः आहेत. पोर ते ठेवून घेतात. इतिहासकार याला दयाळूपणा म्हणून पुढे सरकतात. मला ती फार जुनी परतफेड वाटते.

राणोजी लोखंडेचा फत्तेसिंह भोसले होतो. विजयाच्या दिवशी मिळाला म्हणून फत्ते. साताऱ्यात विरूबाई त्याला पोटच्या पोरासारखा वाढवते. विरूबाई लग्नाची राणी नाही, पण वाड्यात शब्द तिचाच चालतो. तिथला मायेचा कारभारच ऐसपैस. जीव वाचवणाऱ्या खंड्या कुत्र्यालाही राजांनी पालखी दिली म्हणतात. फत्तेसिंहाला मग अक्कलकोट मिळालं यात नवल ते काय!

आता १७२५. कर्नाटकच्या स्वारीत तुम्ही त्याच्या डेऱ्याबाहेर तस्त आणि पाण्याची झारी घेऊन उभे आहात. मोहिमेचा मुख्य फत्तेसिंह, सोबत बाजीराव पेशवा. बाजीरावाचा जीव उत्तरेत अडकलेला, इथे तो राजाज्ञेने आलाय. सरदार येतात, फत्तेसिंहाला मुजरा करतात आणि मुक्काम कुठे, वैरण कुठली, हे विचारायला पलीकडच्या डेऱ्यात जातात. बाबासाहेब, म्हणजे तुमचे धनी, हे बघतात. कपाळाला आठी नाही. झारीकडे हात करतात, चूळ भरतात. स्वारी चित्रदुर्गाकडे जाते, पुढच्या हंगामात श्रीरंगपट्टणापर्यंत. खंडणीच्या कागदांवर नाव मोठं कोणाचं, हे तुम्हीच ताडा.

१७३३ साली सिद्दीवर कोकणात स्वारी, तिथेही हीच जोडी. जंजिरा काही पडत नाही. १७४० साली जोडीदार बदलतो, नागपूरकर रघूजी भोसले येतात. दमलचेरीच्या घाटात अर्काटचा नवाब दोस्तअली मारला जातो, १७४१ च्या मार्चमध्ये त्रिचनापल्ली पडते आणि चंदासाहेब कैद होतो. केवढा पराक्रम! पण बखरींपासून शाळेच्या पुस्तकापर्यंत तो रघूजींच्या खात्यावर जमा आहे.

फत्तेसिंह फारसा कर्तबगार नव्हता, असं म्हटलं जातं. नसेलही. पण त्या दरबारात दाभाडे पेशव्यांशी लढले, रघूजी पेशव्यांशी भांडले, राण्या एकमेकींशी. राजाचा मानलेला मुलगा असून गादीसाठी दंगा न करणारा माणूस त्या गर्दीत शोधून दाखवा.

तुमची शेवटची हजेरी १७४९ च्या डिसेंबरात. शाहूमहाराज गेले, औरस मुलगा मागे नाही. दालनात वारसाची कुजबुज चाललीय. फत्तेसिंह तिथेच बसलाय, चाळिशी ओलांडलेला. बेचाळीस वर्षं याच घरात. पण रक्त लोखंड्यांचं, म्हणून गादीवर ताराबाईंचा नातू म्हणून पुढे आणलेला रामराजा येतो. त्या रक्ताबद्दल पुढे ताराबाईंनीच हात वर केले, हा भाग निराळा.

फत्तेसिंह अक्कलकोटला निघतो. त्याचे बैल जुंपायला मदत करा, झारी नीट बांधा. १७६० साली तो गेला तेव्हा त्यालाही मूल नव्हतं. गादीवर शहाजी बसला, दत्तक.