एसटीचे स्टिअरिंग कोणाच्या हातात?

देवरूख आगारातून सुटणाऱ्या लाल गाडीचे बोधवाक्य आहे ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’. हे शब्द मूळचे कोणाचे, असे फलाटावर उभ्या असलेल्यांना विचारले तर किती जण सांगतील? हे शब्द तथागतांचे आहेत. सारनाथला पहिल्या साठ भिक्खूंना धम्माचा प्रसार करण्यासाठी पाठवताना त्यांनी ते उच्चारले आणि एका वाटेने दोघांनी जाऊ नये, असेही सांगितले. सगळ्या वाटांवर, सगळ्यांसाठी जायचे होते. महाराष्ट्राच्या एसटीने हेच बोधवाक्य घेतले. मग त्या वाक्याच्या कसोटीवर एसटीचा इतिहास तपासण्याचा हक्क आम्हाला आहे.

सध्या जुन्या एसटीच्या आठवणी लिहिण्याची लाट आहे. लाल डबा, कंडक्टरने दोरी ओढली की वाजणारी डबल बेल, तिकिटाच्या ट्रेवर टकटक करणारा पंच, गणपतीला टपावर सामान बांधून आलेले चाकरमानी. या आठवणी आमच्याही आहेत. आमच्या आज्या तिला ‘यष्टी’च म्हणत. पण या गोड आठवणी लिहिणारे एक प्रश्न कधी विचारत नाहीत : यष्टी येण्याआधी आमची माणसे कशाने जात होती, आणि गाडी हाकत कोण होते?

त्याचे उत्तर बाबासाहेबांनीच लिहून ठेवले आहे. १९०१ साली सातारा जिल्ह्यात मसूर स्टेशनवर लहानगा भीमराव आपल्या भावंडांसह उतरला. वडिलांकडे जायला बैलगाडी हवी होती. मुले महार आहेत हे कळताच एकही गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाडे ठरले आणि अटही ठरली : गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालणार! पुढे १९२९ साल. बाबासाहेब आता बॅरिस्टर होते, सरकारी समितीचे सदस्य म्हणून खानदेशात फिरत होते. चाळीसगावला त्यांना महारवाड्यात न्यायला टांगेवाले तयार झाले नाहीत. शेवटी टांगा मिळाला, पण हाकायला बसला वस्तीतलाच माणूस, ज्याने आयुष्यात टांगा हाकला नव्हता. पुलावर टांगा उलटला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पायाचे हाड मोडले.

या दोन्ही प्रसंगांत भाड्याचे पैसे होते, वाहनही होते. नव्हता तो चालक. जातीने लगाम एका हाताला दिला होता आणि दुसऱ्या हाताला तो धरू दिला नव्हता. बाबासाहेबांचा मोडलेला पाय ही त्या व्यवस्थेने वसूल केलेली किंमत होती.

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर पहिली एसटी धावली. चालक होते किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. दोन वर्षांत संविधान आले, अस्पृश्यता संपुष्टात आली. १९५५ च्या कायद्याने सार्वजनिक वाहनात अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरला. ज्याच्याकडे तिकीट त्याला जागा, असा साधा नियम हजारो वर्षांत पहिल्यांदा रस्त्यावर लागू झाला. देवरूखहून मुंबईला जाणारी गाडी चिपळूण, खेड, पोलादपूर करत महाडला येते. त्याच महाडला १९२७ साली पाण्यासाठी आमच्या पूर्वजांची डोकी फुटली. त्याच रस्त्याने आमची माणसे गिरण्यांत, गोदीत, नगरपालिकेत कामाला गेली आणि मुलांच्या शिक्षणाचे पैसे घेऊन परतली. एसटीने आम्हाला काय दिले, असे विचारणाऱ्यांनी हा प्रवास मोजावा.

पण तिकिटाने जात गाडीतून पुरती उतरवली, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. आमच्या वाडीतले एक तात्या राखीव जागेवर चालक म्हणून लागले. त्यांना वस्तीची गाडी मिळाली. संध्याकाळी गावात जायचे, गाडीतच झोपायचे, पहाटे पहिली फेरी काढायची. पहिल्याच मुक्कामी एका गृहस्थांनी विचारले, “डायवर, तुमची वाडी कंची?” कोकणात हा प्रश्न पत्ता विचारण्यासाठी नसतो. तात्या म्हणाले, “बौद्धवाडी.” त्या रात्री वाहकाला जेवण आले, तात्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा आला नाही. पुढे त्या गावी जाताना ते घरून भाकरी आणि पाणी घेऊन गेले. आणि पहाटे त्याच गावची माणसे, बायकापोरांसह, त्यांच्याच हातांच्या भरवशावर घाट उतरली. ते हात विटाळ करणारे होते, तर जीव त्यांच्या हवाली कसा केला? या प्रश्नाला मनुवाद्यांकडे आजही उत्तर नाही.

म्हणूनच स्टिअरिंगचा प्रश्न मोठा आहे. अमेरिकेत मॉन्टगोमेरीच्या कृष्णवर्णीयांनी १९५५-५६ मध्ये ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. रोझा पार्क्स यांची जागा न सोडण्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या आंदोलनाची एक मागणी अशीही होती की आमच्या वस्त्यांच्या मार्गांवर कृष्णवर्णीय चालक नेमा. बसायला जागा मिळवणे हा हक्काचा अर्धा भाग झाला, गाडी चालवणे हा दुसरा.

हा दुसरा भाग बाईपर्यंत पोचायला एसटीला ७५ वर्षे लागली. तमिळनाडूत वसंतकुमारी १९९३ सालीच सरकारी बस चालवू लागल्या होत्या. आपल्याकडे २०१९ साली अटी शिथिल करून महिला चालकांची भरती झाली, आणि जून २०२३ मध्ये अर्चना अत्राम यांनी सासवड-नीरा मार्गावर एसटी नेली. मात्र इथे आम्ही आधी आपल्याच घराकडे बोट दाखवू. आमच्या ओळखीच्या एका मुलीने या भरतीचा विचार बोलून दाखवला तेव्हा तिला अडवणारे ब्राह्मणवाडीतले नव्हते, तिच्याच घरातले, दर १४ एप्रिलला निळा झेंडा खांद्यावर घेणारे होते. “रात्रीची ड्युटी, पुरुषांबरोबर मुक्काम, लोक काय म्हणतील?” मनुस्मृती जाळणाऱ्यांच्या नातवंडांनी हे बोलावे?

आणि दार उघडत असतानाच ते बंद करण्याचीही तयारी चालू आहे. भाड्याच्या गाड्यांवर कंपनीचे चालक बसतात. २०२५ मध्ये १७,४५० चालक आणि सहायकांची कंत्राटी भरती जाहीर झाली. तात्यांना गावाने पाणी दिले नाही, तरी त्यांची नोकरी काढून घेण्याची ताकद त्या गावात नव्हती, कारण ती नोकरी कायमची होती आणि आरक्षणाने मिळाली होती. कंत्राटदाराच्या चालकाला हे कवच कुठले? २०२१-२२ मध्ये एसटी कामगार महिनोन्‌महिने संपावर राहिले, त्यामागेही सरकारी नोकरीच्या सुरक्षिततेचाच प्रश्न होता.

तेव्हा लाल डब्याच्या आठवणी जरूर काढा. पण भरतीची जाहिरात निघाली की ती बौद्धवाडीतल्या, कुणबीवाडीतल्या मुलींपर्यंत पोचवा, आणि कायम भरतीसाठी कामगारांबरोबर आगाराच्या दारात उभे राहा. गाडीवरचे बोधवाक्य तथागतांचे आहे. ते खरे करायचे तर स्टिअरिंगही बहुजनांच्या हाती राहिले पाहिजे.

जयभीम! नमो बुद्धाय!