लेऑन श्टुकेल : एका व्यायामपटूचे शतक

शरीर कमावणे हा ज्याचा त्याचा खाजगी उद्योग आहे, असे पुष्कळांना वाटते. परंतु ज्या समाजाला स्वतःचे राज्य नसते, त्याची तालीम केवळ व्यायामाची जागा राहत नाही. तेथे राष्ट्रभावनेचेही शिक्षण मिळते. महाराष्ट्रातील आखाड्यांनी हा अनुभव घेतलेला आहे. मध्य युरोपातील स्लाव्ह लोकांनी तो अधिक संघटित स्वरूपात घेतला. मिरोस्लाव्ह तिर्श व त्याच्या सहकाऱ्यांनी १८६२ साली प्राग येथे ‘सोकोल’, म्हणजे ससाणा, ह्या नावाची व्यायामसंस्था स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी स्लोव्हेन लोकांच्या लुब्लियाना शहरी तिचे अनुकरण झाले. परक्या साम्राज्यात वाढणाऱ्या स्लोव्हेन मुलांना कसरतीबरोबरच आपण कोण, ह्याचीही जाणीव ह्या संस्थांत होत असे.

लेऑन श्टुकेल ह्याच परंपरेत वाढले. क्रका नदीच्या काठी वसलेल्या नोव्हो मेस्तो ह्या गावी १२ नोव्हेंबर १८९८ रोजी त्यांचा जन्म झाला. त्या वेळी तेथे ऑस्ट्रिया-हंगेरीचा अंमल होता. श्टुकेल विशीत पाऊल टाकीत असतानाच, १९१८ साली, ते साम्राज्य कोसळले व सर्ब, क्रोएट आणि स्लोव्हेन यांचे नवे राज्य उदयास आले. हेच राज्य पुढे युगोस्लाव्हिया म्हणून ओळखले जाऊ लागले. १९२२ साली लुब्लियाना येथे भरलेल्या जागतिक स्पर्धेत श्टुकेल यांनी पहिली विजेतेपदे मिळविली, आणि ज्या देशाचे नाव अद्याप जगाच्या ओठी बसले नव्हते त्या देशाचे नाव व्यायामाच्या क्षेत्रात घेतले जाऊ लागले.

कुस्तीत समोर प्रतिस्पर्धी असतो. साधनांवरील कसरतीत तसा कोणी नसतो. स्वतःच्या देहाचे वजन हाच तेथे प्रतिस्पर्धी होय. ते उचलावयाचे, फिरवावयाचे, आणि अखेरीस असे स्थिर करावयाचे की पाहणाऱ्यास श्रमाची शंकाही येऊ नये. १९२४ सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सिंगल बार, डबल बार, रिंगा व घोडा ह्यांबरोबर दोर चढण्याचीही परीक्षा होती. सर्व प्रकारांची बेरीज झाली तेव्हा श्टुकेल यांचे गुण ११०.३४० भरले व चेकोस्लोव्हाकियाच्या रॉबर्ट प्राझाक यांचे ११०.३२३. अवघ्या ०.०१७ गुणाने सर्वांगीण विजेतेपदाचा निर्णय झाला! सिंगल बारवरील सुवर्णपदकही श्टुकेल यांनाच मिळाले. युगोस्लाव्हियाची ऑलिंपिकमधील पहिली सुवर्णपदके ती हीच.

चार वर्षांनी ॲम्स्टरडॅम येथे त्यांनी रिंगांवर सुवर्णपदक मिळविले. शिवाय सर्वांगीण स्पर्धेत व सांघिक स्पर्धेत एकेक कांस्यपदक. सर्व साधनांत रिंगा अधिक अवघड, कारण त्यांना स्थैर्य असे नसतेच. दोरांना टांगलेल्या दोन कड्या हाताखाली हलत असतात, आणि हात दोन्ही बाजूंस आडवे पसरून त्यांच्यावर देह तोलून धरावा लागतो. ह्या साधनाचा धोका किती, हे १९३० साली लक्झेंबर्ग येथील जागतिक स्पर्धेत दिसून आले. श्टुकेल यांचे सहकारी आंतोन मालेय रिंगांवरून पडले व त्या दुखापतीने त्यांचा अंत झाला. ज्या साधनाने सोबत्याचा बळी घेतला, त्याच साधनाला श्टुकेल पुन्हा हात घालीत राहिले. १९३६ साली बर्लिन येथे, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, चेकोस्लोव्हाकियाच्या आलोइस हुडेक यांच्या मागोमाग त्यांनी रिंगांवर रौप्यपदक मिळविले. त्याच ऑलिंपिकच्या निमित्ताने अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविण्यास बर्लिनला गेले होते. तीन ऑलिंपिकांत मिळून सहा पदके, त्यांपैकी तीन सुवर्ण, एवढी कमाई करून श्टुकेल यांनी स्पर्धांचा निरोप घेतला.

व्यायाम हे त्यांच्या उपजीविकेचे साधन कधीच नव्हते. कायद्याचा अभ्यास करून ते न्यायाधीश झाले होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांचा देश परकीयांनी व्यापिला, आणि १९४५ नंतर साम्यवादी राजवट आली. जुन्या राजाचे पक्षपाती ठरवून नव्या सरकारने श्टुकेल यांना काही काळ तुरुंगात ठेवले. सुटका लवकर झाली, पण न्यायासन गेले ते गेलेच. पुढे कायद्याच्या कामात साहाय्यक म्हणून त्यांना नोकरी करावी लागली. ज्या राज्याच्या नावावर त्यांची पदके नोंदली होती, त्या राज्याशी निष्ठा हाच आता अपराध ठरला होता. मान गेला, अधिकार गेला. नित्याचा व्यायाम मात्र सुटला नाही. त्याला कोणाच्या अनुज्ञेची गरज नव्हती.

१९९१ साली स्लोव्हेनिया स्वतंत्र झाला. जागा न सोडता मनुष्याचे राज्य किती वेळा बदलावे, ह्याचे श्टुकेल हे एक उदाहरणच म्हणावे लागेल. १९९६ साली अटलांटा येथील ऑलिंपिकच्या उद्घाटनसमारंभात जुन्या विजेत्यांची नावे पुकारली गेली, तेव्हा सत्त्याण्णव वर्षांचे श्टुकेल कोणाचा आधार न घेता, जवळजवळ बागडतच पुढे आले व त्यांनी अध्यक्ष क्लिंटन यांचा हात हाती घेतला. ८ नोव्हेंबर १९९९ रोजी मारिबोर येथे त्यांचे निधन झाले. एकशे एक वर्षे पूर्ण होण्यास चारच दिवस उरले होते. ज्या मारिबोरमध्ये त्यांनी उत्तरायुष्य घालविले, तेथील एका चौकास आज त्यांचे नाव आहे.

सोकोलच्या संस्थापकांनी राष्ट्रासाठी शरीर घडविण्याचा उपदेश केला होता. श्टुकेल यांनी तो पाळला आणि राष्ट्राला त्याचे फळही मिळाले. परंतु राष्ट्राने पाठ फिरविली त्या काळात तीच शिस्त त्या एकट्या मनुष्याच्या उपयोगी पडली. हलत्या कड्यांवर देह तोलण्यास शिकलेल्या ह्या पुरुषाला हलत्या काळातही आपला तोल राखता आला, हे त्या तालमीचे ऋण मानले पाहिजे.