लक्सेंबर्गमधील परदेशी कामगार व भाषा
पश्चिम यूरोपातील या चिमुकल्या देशाची औद्योगिक उन्नती प्रारंभापासून परदेशी श्रमांवर आधारलेली आहे. दक्षिणेकडील लोहखनिजात फॉस्फरस अधिक असल्याने त्याचे पोलाद ठिसूळ होई. १८७९ मध्ये टॉमस प्रक्रियेचा परवाना मिळाल्यावर ही अडचण दूर झाली आणि खाणींत व भट्ट्यांवर जर्मन, इटालियन मजूर येऊ लागले. इटलीचा ओघ आटल्यावर शासनाने १९७० मध्ये पोर्तुगालशी करार केला. देशातील जन्मदर घटलेला असल्याने या कामगारांना कुटुंबे आणण्याची मुभा मिळाली. त्यांच्या मुलांच्या भाषेचा विचार मात्र मागाहून झाला. शाळेत अक्षरओळख जर्मनमधून होत असल्याने घरी पोर्तुगीज बोलणारी अनेक मुले मागे पडली. १९८४ च्या कायद्याने लक्सेंबर्गी राष्ट्रभाषा ठरली व २००८ च्या कायद्याने नागरिकत्वासाठी तिची परीक्षा आवश्यक झाली. बांधकामावर मात्र पोर्तुगीज व फ्रेंच यांवरच भागते. दरडोई उत्पादनाचा येथील उच्चांकही काहीसा फसवा आहे : फ्रान्स, बेल्जियम व जर्मनीतून रोज ये-जा करणाऱ्या दोन लाखांहून अधिक कामगारांचे उत्पादन त्यात मोजले जाते, त्यांची डोकी नाहीत. २०२२ मध्ये निवडक शाळांत फ्रेंचमधून अक्षरओळख देण्याचा प्रयोग सुरू झाला.