तळटीप १४ : रिठी

१४. रिठी : महसुली दप्तरात नाव आणि शेतजमीन आहे, पण वस्ती उठलेली आहे असे गाव. नागपूर, भंडाऱ्याकडे ‘मौजा अमुक (रिठी)’ अशी नोंद आढळते. बालाघाटच्या हिंदी कागदांत त्यालाच ‘वीरान ग्राम’ म्हणतात. घरे मातीची, त्यामुळे काही पावसाळ्यांत भिंतींचे नुसते उंचवटे उरतात. त्यांच्यात एखादी चिंच, नि खेरमाई या ग्रामदेवतेचा शेंदरी दगड. त्या दगडावरून जुन्या गावठाणाची जागा कळते. बालाघाट जिल्ह्यातल्या परसवाडा पठाराच्या संदर्भात हा शब्द जपून वाचावा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पठारावर घनदाट रान होते आणि तिथली पहिली गावे लछमन नाईक यांनी वसवली, असे इंग्रजी गॅझेटियर सांगते. पण त्याच गॅझेटियरात पठारावरच्या घडीव दगडी, प्राचीन मंदिराचाही उल्लेख आहे. म्हणजे ‘पहिली’ हा शब्द अपुरा पडतो. आधीही इथे कुणी नांदून गेले होते. वस्ती उठण्याच्या कथाही जपूनच वाचाव्यात. जैसलमेरजवळच्या कुलधरा या ओसाड गावाबद्दल, तिथले पालीवाल ब्राह्मण दिवाण सालिमसिंगाच्या जाचाने एका रात्रीत शाप देऊन निघून गेले, अशी दंतकथा आहे. मूळ मजकुरातला ‘रातोरात’ हा शब्द त्याच वळणाचा दिसतो.